दुसरं कोण आलं?

मुंगीला सातवीतच ठेवायचं, हे तिच्या आजोबांनी, अण्णांनी, रविवारी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, आणि त्याच दमात भाजीत मीठ कमी असल्याचंही सांगितलं. त्यांच्या लेखी दोन्ही एकच. जिथे कमी पडतंय तिथे भर घालायची, त्यात चर्चा कसली?

"पण मी पास झालेय," मुंगी म्हणाली.

"पास तर सगळेच होतात," अण्णा म्हणाले. "पाया कच्चा आहे तुझा. प्लास्टर घट्ट व्हायच्या आत साचा उघडला की कवळी वाकडी येते, आणि मग ती जन्मभर टोचते. एक वर्ष जास्त दिलं की पक्की होशील. आपल्या दादाचं काय झालं? आला ना त्यानंतर कायम पहिला?"

दादाचं नाव निघालं की त्या घरातले वाद मिटायचे. अण्णांचं कवळ्या बनवायचं वर्कशॉप खालच्या मजल्यावर होतं आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं होतं. पण स्वतःची सर्वात उत्तम घडण म्हणून ते कवळीकडे नाही, थोरल्या मुलाकडे बोट दाखवायचे. दादाला त्यांनी सातवीत मुद्दाम एक वर्ष मागे ठेवलं होतं, तेही तो चांगला पास झालेला असताना. त्यानंतर दादा दरवर्षी पहिला येत गेला, दातांचा डॉक्टर झाला, आणि आता चौकात त्याचा दवाखाना होता. या गोष्टीवर दोन पिढ्या वाढल्या होत्या. मुलांना भूक लागली की जेवण मिळायचं आणि अभ्यासाचा कंटाळा आला की ही गोष्ट मिळायची.

"शिवाय पुढच्या वर्षी भोपळा सातवीत येईल," अण्णा पुढे म्हणाले. "बहीणभाऊ एका वर्गात. चुरस राहील दोघांत."

भोपळा हा मुंगीचा धाकटा भाऊ. नाव गालांमुळे पडलं होतं. परीक्षेतल्या भोपळ्याशी त्याचा आजवर संबंध आला नव्हता, उलट तो वर्गात पहिला यायचा. त्याने बहिणीकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि मुकाट्याने जेवू लागला.

मुलांचा बाप, म्हणजे अण्णांचा धाकटा मुलगा, काही बोलला नाही. तो अण्णांच्या हाताखाली वर्कशॉपात काम करायचा, आणि घरातही त्याला हाताखालीच असल्यासारखं वाटायचं. बोलली ती त्याची बायको. तिला सगळे धाकटीच म्हणत. ती इस्पितळात परिचारिका होती, नुकतीच दिवसभराची पाळी करून आली होती, आणि तिला लांबण नको होतं.

"मला पटतंय अण्णांचं," ती म्हणाली. "गणितात कशीबशी काठावर पास झालीय. आठवीत गटांगळ्या खाऊन मागे राहण्यापेक्षा आत्ताच राहिलेली काय वाईट? निदान नापासचा शिक्का तरी नाही बसणार."

"मग सोमवारी अर्ज देऊन टाका," अण्णा धाकट्याला म्हणाले. "वर्गशिक्षकांची संमती लागते. ती काय, घरचीच आहे."

घरची वर्गशिक्षिका टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. ताई. दादाच्या पाठची, धाकट्याच्या आधीची. लग्न केलं नव्हतं, याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची आणि सातवीच्या वर्गाला शिकवायची. मुंगी घरी तिला आत्या म्हणायची आणि वर्गात बाई, आणि अधूनमधून गोंधळून बाईआत्या. ताईने मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसती घास गिळल्याची, हे कुणी विचारलं नाही. पण मुंगीने आत्याकडे असं काही पाहिलं की ताईने हातातला घास ताटात परत ठेवला.

वर गेल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. तिला नाही म्हणायचं होतं. ते अवघड एवढ्यासाठी होतं की या घरात आजवर तिने अण्णांपुढे ब्र काढला नव्हता. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी ही बाई वडिलांसमोर मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. आणि दादाच्या त्या गोष्टीत आणखी एक जण होतं, ज्याच्याविषयी कुणी कधी बोललं नव्हतं. तिने स्वतःही नाही.

निकाल लागून गेला होता आणि सुट्टी लागायला थोडे दिवस उरले होते. या रिकाम्या दिवसांत ताई दरवर्षी एक तास घ्यायची, त्याला मुलं घरच्यांचा तास म्हणायची. मुलांनी घरातलं एखादं मोठं माणूस घेऊन यायचं. फळ्यावर एकच प्रश्न: "शाळेत आपण यशस्वी झालो, हे कशावरून ओळखायचं?" वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार उत्तरं चिकटवलेली. "नंबर आला." "समजलं." "पुढे कामाला आलं." चौथं उत्तर मुलांनी स्वतः सुचवलं होतं आणि ताईने हसू दाबून ते मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं: "सुटलो एकदाचे." मोठ्यांनी आपापल्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मुलं प्रश्न विचारणार. मोठ्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मत बदललं तर कोपरा बदलायचा, लाजायचं नाही.

सोमवारच्या तासाला मुंगीने अण्णांना बोलावलं होतं. अण्णांनी दादाला आणलं, कारण पुरावा सोबत असलेला बरा. आणि धाकटा अर्ज खिशात घालून आला होता, म्हणजे तास संपला की देऊन मोकळं व्हायचं.

अण्णा वर्गात शिरले ते थेट "नंबर आला"खाली जाऊन उभे राहिले. दादाला त्यांनी नजरेनेच शेजारी बोलावलं. धाकटा चारी पाट्या वाचून गालात हसला आणि "सुटलो एकदाचे"च्या कोपऱ्यात जाऊन टेकला. बाकीचे पालकही पांगले. एका चष्मेवाल्या मुलीची आई बस चालवायची. ती ड्यूटीच्या गणवेशातच आली होती आणि "कामाला आलं"मध्ये हाताची घडी घालून उभी राहिली.

पहिला प्रश्न तिच्याच मुलीने विचारला. "आई, तुला शाळेतलं काय कामाला आलं?"

"नकाशा," ड्रायव्हर म्हणाली. "भूगोलात मी काठावर पास. पण नकाशा कळायचा मला. रस्ता बंद असला की बाकीचे फोन करत बसतात, मी बस वळवून घेऊन जाते."

"मग तुम्ही 'समजलं'मध्ये नको का?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

ड्रायव्हरने थोडा विचार केला. "समजलं म्हणूनच कामाला आलं की. पण काठावर पास झाले, म्हणजे पेपर तपासणाऱ्याला काही ते समजलं नाही." वर्ग हसला. ती सरळ चालत "समजलं"मध्ये गेली, आणि जाता जाता मुलीच्या डोक्यावर टपली मारून गेली.

अण्णांना राहवलं नाही. "हे बघा, नकाशाचं ठीक आहे, पण..."

"आजोबा, तुम्हाला विचारलेलं नाही," तिघाचौघांनी एका सुरात सांगितलं. अण्णांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. ताईने पाठ फिरवून उगाचच फळा पुसला.

मग एका उंच मुलाने धाकट्याला गाठलं. "काका, सुटलात म्हणजे कशातून?"

"परीक्षांतून," धाकटा म्हणाला. "शाळा संपली तसा वर्कशॉपात गेलो. तेव्हापासून माझी परीक्षा घेणारा एकच माणूस उरलाय, आणि तो त्या कोपऱ्यात उभा आहे."

"मग सुटलात कुठे?"

"तेच म्हणतोय मी," धाकटा म्हणाला, आणि वर्ग पुन्हा हसला. दादाही हसला. अण्णा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. आपला विषय निघाला याचं त्यांना बरंच वाटलं असावं.

तास रंगत चालला होता आणि ताई मनातून खट्टू होत होती. खरं सांगायचं तर तिने मनाशी एक हिशेब मांडला होता. इतकी माणसं येणार, इतकी पोरं विचारणार, कुणीतरी काहीतरी असं बोलून जाईल की अण्णांचं मन आपोआप वळेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. परस्पर काम झालं तर हवंच होतं तिला. पण तसं काही होत नव्हतं.

शेवटी एका मुलीने अण्णांना विचारलं, "आजोबा, नंबरच का?"

अण्णा याचीच वाट पाहत होते. "कारण नंबर खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "समजलं असं कुणीही म्हणतं. हा माझा मुलगा. सातवी पास झाला होता, पण मी म्हटलं, नाही, पुन्हा बस. पुन्हा बसला आणि पहिला आला. मग दरवर्षी पहिला. आमच्या घरात तेव्हा ठरलेलं होतं, एकालाच बाहेरगावी ठेवून डॉक्टर करणं झेपेल, तेव्हा जो पहिला येईल त्याला पाठवायचं. हा आला. हा गेला. आज तुमच्यातल्या निम्म्यांचे दात यानेच बघितलेत."

पोरांच्या माना वळल्या. दादाने ओशाळून हात वर केला. काहींनी दवाखाना आठवून नकळत तोंडं मिटून घेतली.

मुंगी पहिल्या बाकावर होती. आतापर्यंत तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. तिने हात वर केला.

"मोठे काका, तुम्ही पहिले आलात त्या वर्षी दुसरं कोण आलं?"

तिच्या मनात काही कावा नव्हता. तिला भोपळ्याची काळजी होती. पुढच्या वर्षी आपण त्याच्या वर्गात बसलो आणि अण्णा म्हणतात तसे खरंच पहिले आलो, तर त्याचं काय होणार, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं.

दादाने कपाळाला आठ्या घातल्या. "दुसरं... आठवत नाही गं."

"आजोबा, तुम्हाला?"

"दुसऱ्याचं कोण लक्षात ठेवतं?" अण्णा म्हणाले.

वर्ग हसला. वाक्य हसण्यासारखंच होतं. ताई खडू हातात धरून फळ्याशी उभी होती, आणि तिला एकदम इतका राग आला की तिचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं तिने कुणावर दात धरला नव्हता. दादावर तर नाहीच, त्याचा काय दोष? पण हा राग नवा नव्हता. तो जुनाच होता, आणि आता तो आवरायची तिची इच्छा नव्हती.

"मी," ती म्हणाली.

"काय बाई?"

"दुसरी मी आले होते. सहावीपर्यंत मी पहिली यायचे. सातवीत गेले तर हे माझे मोठे भाऊ तिथेच बसलेले होते. सगळा अभ्यास त्यांचा एकदा झालेला. ते पहिले आले, मी दुसरी. मग शाळा संपेपर्यंत तसंच."

दादा बहिणीकडे बघत राहिला. धाकट्याचा हात खिशावर गेला होता, तो तिथेच थांबला.

"मग बाई," त्या उंच मुलाने हळूच विचारलं, "तुम्ही कुठल्या कोपऱ्यात?"

ताईने चारी पाट्यांकडे पाहिलं. दरवर्षी हा तास घेऊनही तिने स्वतःला हे कधी विचारलं नव्हतं. "माझं अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली. "ठरलं की सांगते. आता ज्यांचे प्रश्न राहिलेत त्यांनी विचारा."

आणि तास पुढे चालू झाला. धाकट्याने अर्ज दिला नाही.

संध्याकाळी वर्कशॉपात सगळे जमले, कुणी बोलावलं नसताना. अण्णा नेहमीच्या स्टुलावर होते. समोर बर्नर पेटलेला, हातात मेणाचा ठसा, आणि ते एकेक दात मेणात बसवत होते. दादा दवाखाना लवकर बंद करून आला होता. धाकटा दाराशी उभा. धाकटी इस्पितळातून परस्पर तिथेच आली. वर्गात काय झालं ते मुंगीकडून ऐकून भोपळ्याने तिला जिन्यातच सांगून टाकलं होतं. मुंगी आणि भोपळा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ऐकत होते आणि आपण ऐकत नाही असं दाखवत होते.

"चारचौघांत बापाला तोंडघशी पाडलंस," अण्णा मान वर न करता म्हणाले.

"मी फक्त उत्तर दिलं, अण्णा."

"मला खरंच आठवलं नाही गं ताई," दादा म्हणाला. "शप्पथ. तू माझ्या वर्गात होतीस हे आठवतं, डबा एकत्र खायचो ते आठवतं. नंबर नाही आठवला."

"पहिल्याला नाहीच आठवत. तुझं काही चुकलं नाही, दादा."

"चुकलं कुणाचंच नाही," अण्णा म्हणाले. आता त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "आणि मला काय माहीत नव्हतं, असं वाटतं तुला? वर्गात म्हणालो ते लोकांसाठी. घरात मला चांगलं माहीत होतं, पहिला हा आणि दुसरी तू. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नंबर गेला तर कुठे गेला? बाहेरच्याकडे नाही गेला. घरातच राहिला. या हातातून त्या हातात."

ताईला वाटत होतं, अण्णा विसरले असतील. विसरलेल्या माणसाला माफ करणं सोपं असतं, आणि तिने ते कधीच करून टाकलं होतं. हे त्याहून वाईट होतं. त्यांनी पाहिलं होतं, तोललं होतं, आणि चालेल म्हटलं होतं.

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," दाराशी उभा असलेला धाकटा म्हणाला. "म्हणून बोंब मारायची सोय नाही. असंच ना अण्णा?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे. माझी दोन्ही पोरं आहेत. मुंगी पहिली आली तर भोपळा मागे, आणि तोच पहिला राहिला तर हिने वर्ष घालवून वर धाकट्या भावाच्या मागे बसायचं." त्याने खिशातून अर्ज काढला, बायकोकडे बघितलं. "मी देत नाहीये हा. तुझं काय म्हणणं?"

धाकटीने पर्स टेबलावर ठेवली. "माझं म्हणणं अजून तेच आहे, तिचं गणित कच्चं आहे," ती म्हणाली. "पण रविवारी मी फक्त एकीचाच विचार केला. दुसरा त्याच टेबलावर समोर जेवत होता, आणि माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही." तिने अर्ज घेतला, चार तुकडे केले आणि प्लास्टरच्या कचऱ्याच्या बादलीत टाकले.

अण्णांनी बादलीकडे पाहिलं. मग धाकट्याकडे पाहिलं, जणू एखादी कवळी आपणहून बोलायला लागली होती. ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते ताईकडे वळले.

"तुला व्हायचं होतं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"डॉक्टर."

ताईला शिकवायला आवडायचं. मनापासून आवडायचं, आणि तसं सांगून अण्णांची सुटका करणं अगदी सोपं होतं. तेही खरंच ठरलं असतं. "हो," ती म्हणाली. "फार."

अण्णांनी बर्नर बंद केला. बसवलेला एक दात मेणातून उगाच काढला, पुन्हा तिथेच बसवला. तो नीट बसला नाही. "बोलायचं होतंस," ते म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

"तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते, अण्णा."

अण्णांनी जिन्याकडे पाहिलं. मुंगी पायरीवरून उठून कधीच आत आली होती.

"मुंगे, तुला आठवीत जायचंय?"

"हो," मुंगी म्हणाली. "पण गणिताला कुणीतरी मदत करा. एकटीला नाही जमणार मला."

"करेन की मी," दादा चटकन म्हणाला. आज काहीतरी करायला मिळतंय म्हणून त्याला हायसं वाटलं असावं. "दवाखाना झाला की रोज बसू."

"तू राहू दे," ताई म्हणाली. "गणित मी घेईन."

दादा काही म्हणणार होता, पण बहिणीकडे बघता बघता त्याला काहीतरी आठवलं, आणि तो थांबला. मग तो वडिलांकडे वळला.

"खरंय अण्णा," तो म्हणाला. "गणितात मला हिला कधीच मागे टाकता आलं नाही. गणितात शेवटपर्यंत हीच पहिली यायची."